एकाच पेनाच्या तीन सह्या

आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात खाली तीन रेघा असतात. पहिलीवर वर्गशिक्षकाची सही, दुसरीवर मुख्याध्यापकाची, तिसरीवर पालकाची. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर तिन्ही ठिकाणी माझी सही आहे. शाळा दोन शिक्षकांची, त्यात जुना मी, म्हणून मुख्याध्यापकाचा चार्ज माझ्याकडं. तिचा वर्ग पहिलीपासून माझ्याकडं. आणि बाप तर मी होतोच. पहिल्या वर्षी या तीन सह्या एका दमात ठोकल्या तेव्हा मला गंमत वाटली होती. सोबतच्या मॅडमना पान दाखवून मी म्हणालो, "बघा, कसा एकहाती कारभार आहे." त्याही हसल्या होत्या.

आता ती पानं कपाटात आहेत आणि मला ती उघडवत नाहीत.

गाव बेंबळीच्या पुढं, डांबरी सडक सोडून थोडं आत. मी राहतो धाराशिवात, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करतो. तीन-चार वर्षांपूर्वी शाळेचा पट इतका घसरला होता, की शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावाला जोडणार अशी कुजबुज सुरू झाली होती. रोज सकाळी पारापाशी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येऊन हॉर्न वाजवायची आणि पोरं गळ्यातले टाय सारखे करत माझ्या डोळ्यांदेखत तिच्यात चढायची. त्या उन्हाळ्यात मी दारोदार फिरलो. चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटला, त्याचा मुलगा पहिलीत जायचा होता. त्याच्यापुढं मी आमच्या शाळेचं गुणगान लावलं. त्यानं बशीतला चहा संपवला, खांद्यावरच्या टॉवेलला तोंड पुसलं आणि विचारलं,

"गुरुजी, तुमची लेक बी औंदा पहिलीलाच की. तिला कुठं घालणार?"

टपरीवरचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझा स्वभाव तापट. कुणी डिवचलं की तोंड आधी उघडतं, डोकं मागून येतं.

"इथंच घालणार. माझ्याच वर्गात," मी म्हणालो.

बायकोनं तोपर्यंत धाराशिवातल्या एका शाळेचा फॉर्म भरून ठेवला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "टपरीवर ठरवून आलात ना, आता तिच्या अभ्यासाचं सगळं तुम्हीच बघायचं. घरात मास्तर असताना मी कशाला मधे पडू?" मला ते बरंच वाटलं. एकाच माणसाच्या हातात सगळं असलं की गोंधळ होत नाही, असं माझं मत होतं.

जूनमध्ये बरीच पोरं नव्यानं आली. टपरीवरच्या त्या शेतकऱ्याचा मुलगाही आला. "गुरुजींनी सोताची लेक घातलीय, मंग काय," असं गावात एकमेकांना सांगत होते. शाळा वाचली. मला नाही म्हटलं तरी अंगावर मूठभर मांस चढलं.

पहिल्याच आठवड्यात मुलगी खेळताना पडली आणि "पप्पा" म्हणून रडत वर्गात आली. पोरं हसली. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "शाळेत सर म्हणायचं. इथं तू बाकीच्यांसारखीच." परत येताना गाडीवर ती पुढं पेट्रोलच्या टाकीवर बसली होती. तिनं विचारलं, तुम्ही परत पप्पा कधी होणार? गावाबाहेर ओढ्यावर एक लहानसा पूल आहे. मी म्हणालो, "हा पूल. पुलाच्या शाळेकडं सर, घराकडं पप्पा." तिला ते फार आवडलं. त्यानंतर रोज सकाळी पूल ओलांडताना ती "गुड मॉर्निंग सर" म्हणायची आणि दुपारी परतताना पुलावर "पप्पा, भूक लागली" म्हणायची. मीही कधी चुकलो नाही. शाळेत तिच्याशी जरा जास्तच कडक वागायचो, कुणी म्हणायला नको.

पालकांच्या मिटिंगा मी दणक्यात घ्यायचो. सतरंजीवर बाया एका बाजूला, बापे दुसऱ्या बाजूला, आणि खुर्चीत मी. माझं भाषण ठरलेलं. पोरं शाळेत असतात दिवसाचे काही तास, बाकी वेळ तुमच्याजवळ. अर्धी जबाबदारी माझी, अर्धी तुमची. दप्तर उघडून बघता का? वाचून घेता का? प्रगतिपुस्तक नुसतं सही करून परत पाठवता, ते वाचायचं असतं. लोक खाली मान घालून ऐकायचे. शाळेला लागूनच एका शिवणकाम करणाऱ्या भाभींचं घर आहे, नवरा येडशीला गॅरेजवर कामाला. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी एकाच बाकावरच्या. भाभींच्या लेकीचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. एका मिटिंगीत मी सगळ्यांदेखत म्हणालो, "भाभी, मशीन जरा कमी फिरवा आणि लेकीच्या वहीकडं बघा." भाभींनी पदर सारखा केला.

माझ्या मुलीचं अक्षर मात्र मोत्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून घ्यायची. आणि वाचन तर काय विचारता. केंद्रप्रमुख भेटीला आले की मी तिलाच आधी उभी करायचो. ती पुस्तक हातात धरायची, ओळीखाली बोट ठेवायची आणि धडा खणखणीत आवाजात वाचायची, कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं माझ्यासारखं. साहेब खूश व्हायचे. शेरेबुकात माझं कौतुक लिहून जायचे.

उद्याचा धडा आदल्या संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचायची मला सवय आहे. ती तेव्हा माझ्या मांडीला टेकून बसलेली असायची. मी दोनदा वाचायचो, कधी तीनदा. ती पानावरच्या चित्राकडं बघत असायची.

मला काहीच दिसलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. चाचणीत तिनं एकदा एका प्रश्नाखाली दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. मी हयगय म्हणून सोडून दिलं आणि मार्क दिले. उत्तर बरोबर होतं ना. मास्तर म्हणून मी गाळलेलं बाप म्हणून माझ्या नजरेला पडायला हवं होतं, पण बाप त्या वेळी तिसऱ्या रेघेवर सही करत होता.

शाळा सुटली की मला रोज तासभर मोबाइलवर माहिती भरायची असते. आज किती मुलं जेवली, किती हजर, कुणाचं आधार जुळलं, कुणाचं नाही. रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते, म्हणून मी तिथं जाऊन बसायचो आणि मुलगी भाभींच्या घरी थांबायची, त्यांना मावशी या अर्थानं खाला म्हणायची. ती तेव्हा तिसरीत होती. गेल्या वर्षी पावसाळा संपत आला असताना एक दिवस रेंजच गेली, म्हणून मी लवकर उठलो आणि तिला आणायला गेलो. भाभींच्या दारावर पडदा असतो. मशीन बंद होतं. आतून आवाज आला.

"हे काय आहे? बघ नीट. घाई नको करू."

"ब," माझ्या मुलीचा आवाज.

"बला काय लागलंय?"

"काना. बा."

"फुडं?"

मग बराच वेळ काहीच नाही. मी पडद्याबाहेर उभा. त्याच सकाळी तिनं वर्गात दीड पानाचा धडा घडाघडा वाचला होता.

"ह," ती म्हणाली. "ही. बा. ही." मग पुन्हा गप्प. शेवटी भाभींची मुलगी म्हणाली, "बाही गं," आणि दोघी हसल्या.

मी पडदा सारला. कापडांच्या गाठोड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्या काढून भाभींनी जमिनीवर मांडल्या होत्या. गळा, बाही, उंची, कंबर. माझी मुलगी मला बघून उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी. भाभींनी दोघींना पाणी आणायला आत पाठवलं.

"गुरुजी, बुरा मानू नका," त्या म्हणाल्या. "तुमची लेक वाचत न्हाय. पाठ म्हणती."

त्यांनी जे सांगितलं ते असं. मुलींना त्या चिठ्ठी वाचून गाठोडं द्यायला सांगायच्या. माझी मुलगी कधी चुकायची नाही, कारण कापड तिच्या लक्षात असायचं. मग बचत गटाच्या बायांनी एका कार्यक्रमासाठी सगळ्यांनी एकसारख्या साड्या घेतल्या आणि ब्लाऊज भाभींकडं टाकले. सगळी गाठोडी एका रंगाची, फरक फक्त चिठ्ठीचा. त्या दिवशी माझ्या मुलीनं एकामागून एक चुकीची गाठोडी दिली आणि मग कोपऱ्यात जाऊन रडली. तेव्हापासून भाभी रोज काम थांबवून तिला चिठ्ठ्यांवरून शिकवत होत्या. स्वतः सातवी शिकलेल्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चूक कुणाची हे कळायच्या आत मी बोललो, "इतके दिवस मला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू?" भाभी हळूच म्हणाल्या. "मास्तरची गोष्ट बापाला सांगायची, का बापाची मास्तरला? दोनी तुमीच. आन् मला तर मिटिंगीत तुमीच म्हणला, मशीन कमी फिरवा." मग म्हणाल्या, "पोरगी बी हात जोडायची. खाला, सरांना सांगू नका, पप्पांना बी सांगू नका."

मी तिला टाकीवर बसवलं आणि गाडी काढली. पूल ओलांडला तेव्हा तिनं "पप्पा, भूक लागली" म्हटलं नाही.

घरी गेल्यावर मी तिला समोर बसवलं आणि पुस्तकातलं शेवटचं, अजून न वाचलेलं पान उघडलं. ती पानाकडं बघायच्या ऐवजी माझ्या तोंडाकडं बघत राहिली, मी सुरुवात करीन म्हणून. मी केली नाही. "वाच," मी म्हणालो. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा आवाज इतका चढला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझा हात उचलला गेला होता. मारला नाही, पण उचलला होता.

"सर, नको," ती म्हणाली.

घरात, सोफ्यावर, तिच्या आईसमोर. हात खाली आला खरा, पण कुठं ठेवावा ते मला कळेना.

त्या दिवसापासून मी अडकलो ते अडकलोच. मुलीला धाराशिवात घालावं, तिच्यावर वेगळं लक्ष देणारं कुणी शोधावं, तर गावात दुसऱ्या दिवशी बोभाटा. गुरुजींनीच लेक काढली म्हटल्यावर पिवळ्या गाडीला दोन फेऱ्या कराव्या लागल्या असत्या आणि शाळेला कुलूप लागलं असतं. खरं ते लिहावं, तर वाचनस्तराचा तक्ता मीच वर्गाच्या भिंतीवर लावतो, त्यात सगळ्यात खालच्या रकान्यात गुरुजींची लेक. तसंच चालू द्यावं, तर ती चौथीला, पाचवीला अशीच जाणार, कुणाच्या तरी तोंडाकडं बघत. मॅडम म्हणाल्या, "सर, या सत्रात असू द्या, पुढं बघू." त्या माझ्यासाठीच बोलत होत्या. बायको मात्र सरळ बोलली. "तुमची शाळा वाचवायला माझी लेक ठेवलीय का तिथं?" ते खरं होतं. मी रोज सकाळी तिला गाडीच्या टाकीवर बसवून नेत होतो आणि पूल जवळ आला की गाडी हळू करत होतो.

त्यातच केंद्रप्रमुख आले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "ती तुमची हुशार पोरगी कुठंय? तिच्यापासून सुरू करू." मी नाही म्हणू शकलो असतो. आज तिचा घसा बसलाय, एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. मी तिचं नाव पुकारलं. तिनं पुस्तक धरलं आणि वाचायला लागली. या वेळी मी बोटाकडं बघत होतो. तोंडातले शब्द एका ओळीवर होते आणि बोट खालच्या ओळीवर. मधेच बोट पानाच्या खाली पोचलं आणि धडा अजून चालूच होता, तेव्हा तिनं हळूच बोट पुन्हा वर नेलं. साहेबांचं लक्ष खिडकीकडं होतं. धडा संपला तेव्हा टाळ्या मी सुरू केल्या. भाभींची मुलगी टाळ्या न वाजवता माझ्याकडं बघत होती. आयुष्यात मला स्वतःची एवढी किळस दुसऱ्या कशानं आली नाही.

दिवाळीनंतर पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं भरायला घेतली. माझ्या मुलीचं मी सगळ्यात शेवटी ठेवलं. वाचनापुढच्या जागेत लिहिलं, "अक्षरं जोडून वाचता येत नाही. मदत हवी." वर्गशिक्षकाची सही केली, मुख्याध्यापकाची केली. तिसऱ्या रेघेवर पेन टेकवलं आणि उचललं. जो माणूस तीन वर्षं हे बघायचं टाळत होता, त्यानंच हे वाचलं म्हणून सही करायची, हे मला जमेना. ती जागा मी रिकामी ठेवली.

मिटिंगीला मी भाषण केलं नाही. सतरंजीवर सगळे नेहमीसारखे खाली मान घालून बसले होते. मी म्हणालो, "तिसरीत एक मूल वाचत नाही, नुसतं पाठ म्हणतं. मी बाकीच्यांना दरवेळी बोललो, पण ते मूल माझंच आहे. आणि ते माझ्या आधी भाभींना कळलं."

मग टपरीवरचा तो शेतकरी उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं.

"गुरुजी, तुमच्या सोताच्या लेकीचं तुमाला कळलं न्हाय. मंग आमच्या पोरांचं काय?"

तेव्हा बायांच्या बाजूनं भाभी म्हणाल्या, "तेच म्हणते म्या. पोरं आमच्या बी घरात बोलत्यात, वाचत्यात. पर तुमी आमाला कधी काय इचारलंच न्हाय, गुरुजी. नुसतं सांगितलं."

मग मी विचारलं. एका आईनं सांगितलं, पोरगं संध्याकाळी घरी येऊन, शाळेत फळा दिसत न्हाय म्हणतंय. एका आजोबांनी सांगितलं, नात गणिताच्या तासाला पोट दुखतं म्हणते. हे सगळं माझ्या वर्गात रोज माझ्यासमोर बसत होतं. मी वही काढून लिहून घेतलं. सतरंजीवर बसलो नाही, खुर्ची सोडायचं धाडस झालं नाही, पण लिहून घेतलं.

पुढच्या सोमवारी त्या शेतकऱ्याचा मुलगा पिवळ्या गाडीत बसला. मी पाराजवळून जात होतो, त्यानं मला खिडकीतून हात केला. बाकीचे अजून आहेत. उद्याचं मला माहीत नाही. एक जरी गाडीत चढला तरी मी मोजतो, आणि ज्या दिवशी मुलगी पान अडखळत वाचते त्या दिवशी माझ्या मनात आधी तिच्याऐवजी पटाचा विचार येतो. याची लाज वाटते, पण येतो.

त्या मिटिंगीच्या दिवशी परतताना मुलीनं प्रगतिपुस्तक दप्तरात न ठेवता हातात धरलं होतं. पूल आला तसं तिनं गाडी थांबवायला सांगितली. मी पुलावरच, कठड्याच्या कडेला, गाडी उभी केली. तिनं टाकीवर पुस्तक उघडलं, वाचनापुढच्या ओळीखाली बोट ठेवलं. मी तोंड मिटून बसलो. एक ट्रॅक्टर मागून येऊन गेला, दोन बाया डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेल्या. ती एकेक अक्षर धरत होती, सोडत होती, पुन्हा मागं जात होती. बोट आणि तोंड एकाच ओळीवर होतं.

"म. द. त," ती म्हणाली. "मदत." मग बऱ्याच वेळानं, "हवी."

एवढी एक ओळ वाचायला तिला जितका वेळ लागला तितक्यात आम्ही अर्ध्या वाटेवर पोचलो असतो. तिनं खालच्या तीन रेघा बघितल्या. दोन भरलेल्या, एक रिकामी.

"हे सरांनी लिहिलंय ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.

तिनं पुस्तक मिटलं आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं. गाडी अजून पुलावरच होती.

"सर," ती म्हणाली, "पप्पांना सांगू नका."